तारप्याला पाठ

जिवल्याच्या आज्याने तारपा फुंकून पाड्यापाड्यातली माणसं गोळा केली होती आणि जमीनदाराची वेठ बंद पाडली होती. त्या लढ्याचं स्मारक आता नाक्यावर उभं राहिलं, तेही निवडणूक तोंडावर आल्यावर. उद्घाटनाला जिवल्याला वाजवायला बोलावलं. परसातला भोपळा सुकवून, मेणाने जोडून त्याने स्वतः केलेला तारपा होता. त्याच्याभोवती नाच फिरतो आणि नाचणारा तारप्याला कधी पाठ दाखवत नाही, एवढा एकच नियम.

"तोंडं कॅमेऱ्याकडे करा!" माइकवाला ओरडला.

रांग वळली. जिवल्याची लेक मंगळीही वळली. पुढे फोटोला उभ्या साहेबलोकांच्या पाठी, त्यामागे आपल्याच माणसांच्या. आता वाईट वाटेल म्हणून जिवल्या वाट बघत राहिला, पण काहीच वाटलं नाही. त्याने तारपा ओठांवरून काढला. नाच थांबला नाही. स्पीकरवर दुसऱ्याच कुणाचा तारपा वाजत होता.

परतताना टेम्पोत मंगळी म्हणाली, "बाबा, आज भारी वाजवलास."

"हां," जिवल्या म्हणाला. तारपा टेम्पोच्या मागच्या कोपऱ्यात पडून होता आणि जिवल्या त्याच्याकडे पाठ करून बसला होता.