तासभर पंखा बंद

"पंखा बंद कर," घुंगरूमामा मुलाला म्हणाले.

"बाबा, आत भट्टी झालीय नुसती. आणि डॉक्टरांनी सांगितलंय ना सगळं?"

"डॉक्टरांचं डॉक्टरांनी सांगितलं. तास व्हायचाय अजून."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी बायकांच्या वॉर्डची सिस्टर. त्याची आई अकराच्या सुमाराला माझ्यासमोरच गेली, शेवटची नाडी मीच बघितली. तरीही मी उठले आणि पंख्याचं बटण बंद केलं. या खोलीत मामांचा शब्द चालतो, तो नेमका आजच कसा मोडायचा?

आमच्या हॉस्पिटलच्या शवागारात मामांना एकतीस वर्षं झाली. वॉर्डातून खाली आलेल्या माणसाला ते लगेच शीतपेटीत ठेवत नाहीत. आधी तासभर ओट्यावर. हाताच्या अंगठ्याला दोरा, दोऱ्याला ओट्याच्या कडेशी लोंबणारं घुंगरू, पंखा बंद, खिडकी बंद आणि शेजारी स्टुलावर मामा. नव्या डॉक्टरांना याची फार मजा वाटायची. "काय मामा, आज कुणी उठलं का?" त्यांनी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "उठलं तर पंचाईत तुमची, साहेब. सही तुमची आहे." तेव्हापासून डॉक्टर नाडी दोनदा बघतात.

हे सगळं एका सिनेमामुळे. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा मामा मामींना दुपारच्या खेळाला घेऊन गेले. पोस्टरवर सुंदर बाई होती, म्हणून प्रेमाचा असेल असं त्यांना वाटलं. निघाला भीतीचा. भूत मात्र एकही नव्हतं. एका श्रीमंत माणसाला धास्ती असते, की आपल्याला जिवंतपणीच पुरतील. म्हणून तो शवपेटीतून दोरी काढून थेट घराच्या मनोऱ्यातल्या घंटेला बांधायला लावतो. पुढे त्याला पुरतात आणि घंटा वाजायला लागते. घरातले जेवत असतात. कुणीतरी म्हणतं, "वारा आहे," आणि जेवण पुढे चालू राहतं.

मामी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मांजराच्या गळ्यातलं घुंगरू सोडलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "तुमच्या हाताखालून रोज माणसं जातात. एखाद्याला अजून जायचं नसलं तर?"

नव्या नवरीचा हट्ट मामांनी पुरवला. पहिल्याच आठवड्यात घुंगरू वाजलं. झाडूवाली बादली टाकून जी पळाली ती फाटकाबाहेर जाऊनच थांबली. घुंगरू वाजवणारा निघाला डोक्यावरचा पंखा. मामांनी हसत हसत घरी सांगितलं, तर मामी म्हणाल्या, "ते जेवणारेसुद्धा असंच म्हणाले होते." त्या दिवसापासून पंखा बंद. रोज संध्याकाळी मामी विचारायच्या, "वाजलं?" मामा म्हणायचे, "नाही." "बरं," म्हणून त्या चहा टाकायच्या.

आज सकाळी मामींना श्वास पुरत नव्हता. उकाडा तर त्यांना जन्मात कधी सोसला नाही. "सिस्टर, पंखा वाढवा ना," असं त्या तीनदा म्हणाल्या. तो आधीच शेवटच्या नंबरवर होता. मग म्हणाल्या, "यांना सांगा, तास मलापण. घरचं माणूस म्हणून घाईत उरकू नका."

मी निरोप दिला. मामांनी मान हलवली. डोळे मिटूनही मारता येईल अशी ती दोऱ्याची गाठ, आज तिसऱ्या वेळेला बसली.

इतकी वर्षं घुंगरू पुन्हा वाजलं नाही याचं मामांना बरंच वाटत असणार. आज त्यांना ते वाजायला हवं होतं. त्यांची नजर दोऱ्यावरून हलत नव्हती. माझीही हलत नव्हती. नाडी स्वतः बघितलेली असून मी वाट बघत होते, याची मला नंतर लाज वाटली. मुलगा एकसारखा मान पुसत होता.

"तास झाला, बाबा," तो शेवटी म्हणाला.

"झाला?"

"दहा मिनिटं वर झाली."

मामा उठले. आम्हाला वाटलं, आता दोरा सोडतील. त्यांनी मामींच्या अंगावरची चादर नीट केली, भिंतीपाशी गेले, बटण दाबलं आणि पंखा शेवटच्या नंबरवर नेला.

"सकाळपासून उकडतंय तिला," ते म्हणाले.

पंख्याने हळूहळू वेग घेतला. मामींच्या कपाळावरचे केस हलले. मग घुंगरू वाजायला लागलं, आधी थांबून थांबून, नंतर सलग.

व्हरांड्यात पळण्याचा आवाज आला. नवे डॉक्टर धापा टाकत दारात उभे राहिले. "मामा! अहो, वाजतंय!"

मामा पुन्हा स्टुलावर बसले होते.

"वारा आहे, साहेब," ते म्हणाले, आणि ऐकत राहिले.