शंभर टक्के हजेरी लावणारा बंद फोन

मी बंद पडलेला फोन बोलतोय. चार्जिंग संपलेला नव्हे, सायलेंटवर टाकलेला नव्हे, कायमचा बंद पडलेला. माझ्या पोटात बॅटरी नाही, काचेला उभा तडा गेलाय आणि पाठीवर चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर काही केल्या निघत नाही. तरीही या हायस्कुलात माझी हजेरी शंभर टक्के होती. तेवढी एकाही मुलाची नव्हती, आणि शिक्षकांची तर विचारूच नका.

सध्या माझा मुक्काम मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. डोक्यावर पंखा फिरतोय आणि माझ्याखाली एक कागद आहे. त्या कागदापायीच आज मला तोंड उघडावं लागतंय.

जन्माबद्दल फार सांगण्यासारखं नाही. निळे हातमोजे घातलेल्या हातांनी मला एका लांबलचक टेबलावर जोडलं, खोक्यात घातलं आणि दुकानात पाठवलं. तिथून मला याच शाळेत दहावीत शिकणाऱ्या छोटीच्या आईने घरी आणलं. त्या घरीच शिवणकाम करतात. खांदा आणि कान यांच्यामध्ये मला दाबून धरायचं, तोंडात टाचण्या ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, "उद्या नक्की देते." त्या घरातल्या किती 'उद्या नक्की' माझ्यातून गेल्या, याची मोजदाद मी लवकरच सोडली. पण बाई कष्टाळू. मी त्यांच्याकडे चार वर्षं इमानदारीने राबलो.

मग एकदा त्यांनी गरम इस्त्री माझ्याशेजारी टेकवली आणि दार वाजलं म्हणून उठून गेल्या. परत येईपर्यंत माझं पोट फुगलं होतं. दुरुस्तीवाल्याने बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ताई, यात आता काही राम नाही." झालं. बटणं, रिकामी रिळं आणि बोथट कात्री यांच्यासोबत मी खणात जाऊन पडलो. दोन वर्षं कुणी विचारलं नाही.

मग शाळेत फोनबंदी आली आणि माझं नशीब फळफळलं.

नियम साधा होता. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कुणी फोन जवळ बाळगायचा नाही. प्रत्येक वर्गात दाराशेजारी बेचाळीस कप्प्यांचा एक कापडी पडदा टांगायचा, मुलांनी सकाळी आपापल्या नंबराच्या कप्प्यात फोन ठेवायचा आणि सुटताना न्यायचा. दहावीच्या वर्गाचा पडदा छोटीच्या आईनेच शिवून दिला होता, दुहेरी शिलाई घालून. त्याच संध्याकाळी छोटीने विचारलं, "आई, आपला जुना फोन कुठे गं?"

"कशाला हवाय?"

"प्रोजेक्ट आहे."

आईला लेकीचं कौतुक वाटलं. छोटीने मला पुसलं, हातात तोललं आणि तोंड वाकडं केलं. बॅटरीशिवाय मी फारच हलका लागत होतो. मग तिने आईच्या डब्यातला, कापडावर खुणा करायचा चपटा खडू उचलला आणि बॅटरीच्या जागी बसवला. असा मी, पोटात खडू घेऊन, शाळेत दाखल झालो.

एकोणीस नंबरच्या कप्प्यात शिरताना मला धाकधूक होती. आपलं बिंग फुटलं तर? पण आजूबाजूला पाहिलं आणि जिवात जीव आला. आठ नंबरात कव्हर घातलेला कॅल्क्युलेटर होता. तेरा नंबरात टीव्हीचा रिमोट. सव्विसात नुसतं कव्हर आणि आत पुठ्ठा. बाकी सगळे माझ्यासारखेच, कुणाच्या मामाचे, कुणाच्या आजोबांचे, कधीच वारलेले फोन. शाळा सुटल्यावरही आम्हाला कुणी घरी नेत नसे. खरे फोन बसले होते मुलांच्या खिशांत, मोज्यांत, कंपासपेटीत.

वर्गशिक्षिका बाई रोज कप्पे मोजायच्या. डाव्या हातात त्यांचा स्वतःचा फोन, उजव्या हातात पेन. कप्पा फुगलेला दिसला की पुढे. एकदाही त्यांनी हात घालून पाहिलं नाही. "बेचाळीसपैकी बेचाळीस," असं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या आणि त्याचा फोटो काढून मुख्याध्यापकांना पाठवायच्या. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणतात. मोठे सर त्यावर लगेच टाळ्या वाजवणारे हात पाठवायचे. शाळेच्या वेळात, बरं का.

बेचाळिसांत खरा फोन एकच होता. वीस नंबरचा, माझा शेजारी. तो छोटीच्या मैत्रिणीचा. बालवाडीपासून दोघी एका बाकावर. ती कधी कॉपी करत नाही, रांग मोडत नाही, म्हणून वर्गाने तिचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या फोनने मला दबक्या आवाजात विचारलं, "तुम्ही सगळे इतके शांत कसे काय हो?"

"संस्कार," मी म्हणालो.

एके दिवशी गणिताच्या तासाला तो बिचारा वाजला. फूटपट्टीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, ते घराची किल्ली शोधत होते. तास बाईंचाच होता. त्यांच्या हातातला खडू पडला. वर्गात फोन वाजला, म्हणजे फोनबंदी पाळल्याबद्दल वर्गाला मिळालेली 'आदर्श वर्ग' ही ढाल आता गेली!

फूटपट्टी उभी राहिली. "बाई, फोन जमा करा असं सांगितलं होतं. बंद करून जमा करा असं कुणी म्हणालं नव्हतं."

"वर तोंड करून बोलतेस? बाकीच्या एक्केचाळीस जणांचे फोन बघ, कसे बंद आहेत ते!"

एक्केचाळीस जणांनी गंभीर चेहऱ्याने माना हलवल्या. मधल्या सुट्टीत त्याच एक्केचाळीस जणांनी, खिशातले फोन चाचपत, फूटपट्टीला सुनावलं, "तुझ्यामुळे ढाल गेली." छोटी एक्केचाळिसांतलीच. ती डब्याचं झाकण उघडत आणि लावत बसली. मला तिची लाज वाटली. मग आठवलं की मी तिच्याच कटातला, आणि मला माझीही वाटली.

शिक्षा ठरली. फूटपट्टीने पानभर माफीनामा लिहायचा, पालकसभेत उभं राहून वाचायचा, आणि तो कागद तिच्या फायलीला लावायचा. वर्ष संपलं की दाखल्याबरोबर तो पुढच्या कॉलेजात जाणार. 'शाळेची शिस्त मोडली' हे तिच्याच अक्षरात, तिच्याही आधी तिथे पोचणार.

पालकसभेला वर्ग खच्चून भरला. बाकांवर मुलं, भिंतीला टेकून आईबाप. मोठे सर फोनबंदीवर बोलले. मध्येच त्यांचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला, "सभेत आहे, बोला," म्हणत दोन मिनिटं बोलले आणि पुन्हा फोनबंदीवर आले. मग फूटपट्टीने माफीनामा वाचला. एकही शब्द तिने गाळला नाही. तिचे बाबा हातातल्या टोपीकडे बघत होते.

इथेच थांबले असते तर मोठे सर सुटले असते. पण त्यांना चेव चढला. "एक अपवाद सोडा," ते म्हणाले, "बाकी सगळे फोन या पडद्यात बंद पडून आहेत. तुम्हीच खात्री करा. लावा आपापल्या मुलांना फोन. प्रत्येकाला 'बंद आहे' असंच ऐकू येईल."

पालकांनी फोन लावले.

आधी पुढचं बाक गुरगुरलं. मग त्याच्या मागचं. मग सगळा वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंगावायला लागला. कंपासपेट्या थरथरत बाकांवरून सरकल्या. एका मुलाच्या मोज्यातून चक्क गाणं सुरू झालं. पडद्यात आम्ही मात्र ढिम्म. अशा गोंधळात फूटपट्टीच्या बाबांनी भीत भीत हात वर केला. "सर, आमचा मात्र बंद लागतोय."

तेव्हा छोटी उठली. पडद्यापाशी आली, मला बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर माझी पाठ उघडली. खडू खाली पडून दोन तुकडे झाले.

"सर, हा फोन दोन वर्षांपूर्वीच मेलाय," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "माझ्या कप्प्यात रोज हाच असायचा. खरा फोन एकट्या हिने दिला. माफी आम्ही मागायला पाहिजे."

"अगं, माझा खडू!" मागून तिची आई ओरडली. "महिनाभर शोधतेय मी तो!"

त्या दिवशी मला माझ्या मालकिणीचा अभिमान वाटला. आता सगळं नीट होणार, अशी माझी खात्रीच झाली. मेलेल्या फोनला व्यवहार कुठून कळणार?

मोठ्या सरांनी मला जप्त केलं आणि सभा आटोपली. नंतर ऑफिसात बाई म्हणाल्या, "सर, आता त्या मुलीचा कागद फाडून टाकायचा ना?"

"फाडायचा कशाला? तिचा फोन वर्गात वाजला होता की नाही?"

"पण बाकीचे एक्केचाळीस?"

"एक्केचाळीस जणांवर कारवाई केली तर शाळेची बदनामी होते, बाई. एकीवर केली की शिस्त दिसते."

आता नवा नियम आहे, फोन सुरू करून दाखवायचा आणि मगच कप्प्यात टाकायचा. पहिला आठवडा बाईंनी एकेक तपासला. आता पुन्हा पेनने मोजतात. फूटपट्टी अजूनही खराच फोन देते, हल्ली बंद करून. छोटीही आपला खरा फोन देते. म्हणजे बेचाळिसांत दोन झाले.

काल छोटी इथे आली होती. "सर, तिचा कागद काढून टाका ना. हवं तर माझ्याकडून लिहून घ्या."

"बघू," सर म्हणाले. त्यांच्या फोनवर कुणीतरी घसरून पडत होतं, ते पाहून सरांना हसू आवरत नव्हतं. छोटी निघून गेली.

सरांनी मला कागद उडू नये म्हणून त्यावर ठेवलंय. हो, तोच कागद. फूटपट्टीचं वळणदार अक्षर माझ्या पाठीला टोचतं. खडू आईने परत नेला, त्यामुळे मी आतून पोकळ आहे, पण तेवढं वजनही पुरेसं पडतंय. उद्या कारकूनबाई येतील आणि हा कागद फायलीला टाचतील.

आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं, आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय. मला दुरुस्त करू नका, घरी नेऊ नका, नवी बॅटरी तर मुळीच नको. पंखा जोरात आहे, खिडकी सताड उघडी आहे, सरांचं लक्ष फोनमध्ये आहे. दाखला, फी, सही, कशाच्याही निमित्ताने तुम्ही या टेबलापाशी आलात, तर जाता जाता मला फक्त चार बोटं बाजूला सरकवा.