राखाडी पट्ट्या

डाग कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला होता. मध्यभागी जांभळा, त्याभोवती हिरवट आणि अगदी कडेला पिवळा. कातडीखाली साकळलेलं रक्त मुरून पिवळं पडायला आठवडा तरी लागतो, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणजे आठवडाभर हा डाग याच घरात होता. रोज सकाळी तिच्यासमोर बसून चहा पीत होता.

कप उचलताना सासूबाईंची बाही वर सरकली होती. गेले काही दिवस त्या घरातही लांब बाह्यांचा स्वेटर घालून वावरत होत्या, हे तिला आत्ता जाणवलं.

"आई, हे काय?"

"कुठं काय? दाराची कडी लागली."

"आणि हा दुसरा?"

"तीही कडीच." सासूबाईंनी बाही खाली ओढली. "आपल्या घरात कड्या फार."

तिने हातातला फोन टेबलावर उपडा ठेवला. त्यावर रोजची बातमीपत्रं उघडी होती. कुठल्या साधनाची नवी आवृत्ती आली, कुठलं कालबाह्य झालं, येत्या वर्षी कोण टिकणार आणि कोण नाही.

"मागच्या रक्ततपासणीचा आकडा काय आला होता?"

सासूबाई बिस्किट चहात बुडवत राहिल्या. ते विरघळून तळाशी गेलं तरी बोट तसंच.

हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. दर पंधरवड्याला तपासणीला रक्त द्यायचं, फोनवर प्रयोगशाळेच्या वेबसाइटचं पान उघडून रक्त किती पातळ झालंय तो आकडा बघायचा. आकडा वर गेला की डॉक्टरांना फोन करायचा, मग ते गोळी कमी करत. इतकी वर्षं सासूबाई हे सगळं स्वतः बघत आल्या होत्या. कुणाची मदत घेणं त्यांना अपमानासारखं वाटे.

"उघडलाच नाही रिपोर्ट."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तोही नाही. तीन महिने नुसत्या त्या राखाडी पट्ट्या. चमकतात, सरकतात, आता येईल, आता येईल. चष्मा बदलून पाहिला, खिडकीशी जाऊन पाहिलं. शेवटी म्हटलं, मेला फोनच म्हातारा झाला, माझ्यासारखा."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगू? पान तूच केलेलं. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय, आमच्या सुनेचं काम आहे म्हणून. आता त्यालाच नावं ठेवू?" त्यांनी कप बाजूला सारला. "आणि सकाळी तू त्या फोनात डोकं घालून बसतेस. तुझा अभ्यास असतो. मी तर त्या वेळी मिक्सरसुद्धा लावत नाही."

तिच्या डोक्यात सणक गेली. कुणावर, ते लगेच कळेना.

तिने डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी द्यायची नाही, ताबडतोब रक्त तपासा, म्हणाले. नवऱ्याने मुकाट्याने गाडीची किल्ली घेतली. निघताना तिने सासूबाईंचा फोन मागितला.

"ने की. पण बहिणीचा फोन आला तर उचलू नकोस. तासभर सोडायची नाही."

ऑफिसला जाताना बसमध्ये तिने तो फोन पर्समध्ये घट्ट धरून ठेवला होता. कडेला तडा गेलेला, मागे रबरबँड लावलेला. त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. फोन लागत होते, फोटो निघत होते. एका दिवशी कुणीतरी ठरवलं, की हा आता मोजायचा नाही.

कुणीतरी कशाला, तिनेच.

वीस वर्षं ती वेबसाइटी बनवत होती. वीस वर्षं शिकत होती. एक साधन हाताला बसतंय न बसतंय तोच ते जुनं ठरायचं, आणि काल आलेली पोरं त्यावर हसायची. मुलगी पोटात असताना ती एक शिकली, सासऱ्यांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून दुसरं. त्यातलं आज एकही कुणी वापरत नाही. दर वेळी मनात यायचं, बस झालं आता. दर वेळी शब्द ओठांवर येऊन मागे फिरायचा, कारण जे थांबले त्यांचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. जुनी पानं सांभाळणारे दोघे जण जिन्याखालच्या खोलीत बसत. सगळं ऑफिस त्यांना पुरातत्त्व खातं म्हणे. तीही म्हणे.

दर सोमवारी सकाळी ऑफिसात 'नवं काय' नावाची बैठक असे. प्रत्येकाने तंत्रज्ञानातली एक ताजी बातमी आणायचीच. जो आणणार नाही त्याने टेबलासमोर उभं राहून सगळ्यांच्या खोचक टाळ्या घ्यायच्या. ही पद्धत विभागप्रमुखांनी सुरू केली होती. ते तिच्याहून दहा वर्षांनी लहान. पाठीमागे सगळे त्यांना 'अपडेट' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

तीन महिन्यांपूर्वी याच बैठकीत ती आपलं नवं काम दाखवायला उभी राहिली होती. प्रयोगशाळेचं जुनं पान साधं होतं, सर्व्हर आकडा लिहून पाठवायचा आणि फोन तो दाखवायचा. तिने ते नव्या साधनावर नेलं. आता सर्व्हर कोडचं गाठोडं पाठवायचा, आणि फोनने ते सोडवून पान स्वतः मांडायचं. तोवर राखाडी पट्ट्या. हे साधन जुन्या फोनांवर चालत नाही, असं त्याच्या माहितीतच लिहिलं होतं. ती ओळ तिने वाचलीही होती. पण पान चढवल्यावर ते कुठल्या फोनांवर उघडलं याचा पहिल्याच आठवड्याचा तक्ता आला, आणि त्यात जुने फोन शून्य, बिघाड शून्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही.

आज बैठक सुरू होताच अपडेटनी तोच तक्ता पडद्यावर लावला.

"बघा, तीन महिने झाले. जुने फोन अजूनही शून्य. मी म्हणत नव्हतो? लोक आपल्याबरोबर धावतात!"

तिने पर्समधून सासूबाईंचा फोन काढला, प्रयोगशाळेचं पान उघडलं आणि फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. राखाडी पट्ट्या चमकू लागल्या.

"हा कुठल्या संग्रहालयातून आणलात?" कायम गळ्यात हेडफोन अडकवलेली मुलगी म्हणाली. दोघे-तिघे हसले.

"माझ्या सासूचा आहे."

हसू तिथेच थांबलं.

"तुमच्या तक्त्यात हा फोन दाखवा," ती अपडेटना म्हणाली.

"नेट स्लो असेल, मॅडम. जरा थांबा."

"थांबू या."

सगळे बघत राहिले. पट्ट्या डावीकडून उजवीकडे सरकत राहिल्या. कुणीतरी खुर्ची मागे ओढली. हेडफोनवालीने वाकून फोन उचलला, पान पुन्हा उघडलं, पुन्हा पट्ट्या. मग ती एकदम ताठ झाली.

"अय्या. फोन मोजणारा कोड पण त्याच गाठोड्यात आहे ना?"

"हो."

"म्हणजे ज्या फोनवर गाठोडं सुटत नाही, तो..."

"तो मोजलाच जात नाही. दारावर येतो, उभा राहतो, निघून जातो. आपण आत बसून म्हणतो, बाहेर कुणी नाही."

अपडेटनी चष्मा काढून पुसला. "पण मॅडम, मग तक्रारी यायला हव्या होत्या. एकही तक्रार नाही!"

"कशी येईल?" तिचा आवाज चढला. या खोलीत तो कधीच चढला नव्हता. "तिला वाटलं तिचाच फोन म्हातारा झाला. तिने चष्मा बदलला. खिडकीशी जाऊन उभी राहिली. आपलं पान वाईट आहे असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. असे किती असतील, सांगा ना! स्वतःलाच नावं ठेवून गप्प बसलेले! तुमच्या तक्त्यात आहे का त्यांच्यासाठी रकाना?"

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता. 'आकडा हवा त्याच्या दुपटीवर आहे. आजची रात्र इथेच ठेवणार आहेत. ठीक आहे ती. नर्सशी भांडतेय.'

तिने तो दोनदा वाचला.

"ठीक आहे," अपडेट समजुतीच्या सुरात म्हणाले. "मुद्दा रास्त आहे. कामांच्या रांगेत लावून घेऊ, पुढच्या आवृत्तीत बघू. आणि योगायोग बघा, पुढची आवृत्ती तुमच्याच हाताखाली होणार आहे. शुक्रवारी मी विचारलं होतं ना? नवं साधन, नवी टीम, प्रमुख तुम्ही. निम्मा कोड तर ते आपोआप लिहितं. शनिवारीच बातमी आलीय, सगळे तिकडेच चाललेत. आता फक्त हो म्हणा."

शुक्रवारी ती 'सोमवारी सांगते' म्हणाली होती. शनिवार-रविवार, दोन्ही दिवस, ती त्याच साधनाचे धडे बघत बसली होती. सासूबाई समोर लांब बाह्यांचा स्वेटर घालून वाटाणे सोलत होत्या.

टेबलावरच्या फोनचा उजेड मंद झाला. हेडफोनवालीने हलकेच बोट लावून तो पुन्हा जागा केला.

"सर, जुनं पान आत्ता परत चढवायचं," ती म्हणाली. तिचा मघाशी चढलेला आवाज आता खाली आला होता, आणि त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेला. "पुढच्या आवृत्तीत नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आधी. ते मी करते."

"आणि नवं?"

"नवं मी शिकणार नाही. प्रमुख दुसरं कुणी करा. माझी खुर्ची जिन्याखाली लावा, पुरातत्त्व खात्यात."