सहा कप्प्यांचा फासा

मी फासा बोलतोय. सापशिडीच्या डबीतला नव्हे. मला उचलायला दोन्ही हात लागतात. माझ्या सहाही अंगांवर ठिपक्यांऐवजी प्लॅस्टिकचे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात एक चिठ्ठी असते. मला टाकलं की जी चिठ्ठी वर येईल ते काम वर्गाने करायचं.

माझा जन्म नागापूरच्या एका वर्कशॉपमधला. नवं मशीन ज्या खोक्यातून आलं, त्याच्या प्लायवूडमधून डॅनीने मला कापलं. त्याची थोरली बहीण फिलोमिना जवळच्या वस्तीवर चौथीला शिकवायची. फासा तिनेच करायला सांगितला होता.

"एवढा मोठा? हत्तीसंगं सापशिडी खेळनार का, ताई?"

"तू शाळा का सोडलीस ते सांग."

"कंटाळा यायचा."

"म्हणून एवढा मोठा."

भिंगारच्या घरी संध्याकाळचा चहा झाला की ती मला मांडीवर घेई आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिठ्ठ्या लिही. पट्टी न वापरता दार मोजा. बाईंनी फळ्यावर केलेली चूक पकडा. सातचा पाढा टाळ्यांवर म्हणा. वर्गात कोण जांभया देतो, कोण तोंडच उघडत नाही, हे तिच्या ध्यानात असे आणि त्यावरून चिठ्ठी ठरे. गप्प बसणाऱ्या इन्शासाठी तिने लिहिलं, 'एकही शब्द न बोलता गोष्ट सांगा.' इन्शाने हट्टी शेळीची गोष्ट हातवाऱ्यांनी सांगितली, वर्ग हसून लोळला. त्यानंतर इन्शाला गप्प करणं अवघड झालं.

चिठ्ठी वाचून व्हायच्या आत मुलं उत्तर द्यायला लागली की फिलोमिनाच्या लेखी ती शिळी. मग कितीही आवडती असली तरी ती फाडून टाके.

दिवाळीच्या आधी तिला ताप आला. दवाखान्यातून ती परत आली नाही.

डॅनी दफनभूमीतून घरी आला आणि तसाच मला काखेत घेऊन वर्कशॉपला गेला. माझ्या सहाही कप्प्यांवर त्याने अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक तुकडे बसवले, स्क्रू आवळले. आत तिच्या हातच्या शेवटच्या सहा चिठ्ठ्या. "आता हे अक्षर कुटं जात न्हाई," तो म्हणाला. मी लाकूड; मला काय वाटणार? स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळले होते, एवढं कळलं.

तिच्या जागी वर्गावर आलेल्या अल्मास मॅडमनी मला मागून घेतलं. डॅनीने दिलं, पण अट घातली, "ताईचं अक्षर हाय. बदलायचं न्हाई." मॅडमना भीड पडली.

मग मी रोज त्याच सहा गोष्टी सांगत राहिलो. आधी मुलं हसली, मग नुसती उठली, मग बसल्या जागेवरूनच उत्तरं देऊ लागली. पाठीमागची दोघं तर माझ्यावर पाय ठेवून बसत.

एकदा डॅनी रजा काढून मला बघायला आला. दारातच उभा राहिला. मी गडगडलो, थांबायच्या आतच वर्ग एका सुरात ओरडला, "चूक पकडा!" आणि कुणी फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इन्शाने जांभई दिली.

"मामा, हे समदं आमाला पाठ हाय," ती म्हणाली.

"तुमच्या बाईंनी लिवलंय ते," डॅनीचा आवाज चढला.

"व्हय. पन बाई फाडायच्या की."

डॅनीने मला उचललं आणि तडक बाहेर नेलं. मॅडम आणि सगळा वर्ग मागोमाग दारात आला. मला वाटलं, चाललो आता भिंगारच्या कपाटावर. पण तो पायरीवर बसला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सगळे स्क्रू सोडवले. ताईच्या चिठ्ठ्या त्याने फाडल्या नाहीत. घडी करून छातीच्या खिशात ठेवल्या. तेवढं त्याचं.

"मॅडम, ह्यात तुमी लिवा."

"पहिली तुम्ही लिहा," अल्मास मॅडमनी कागद पुढे केला.

त्याने बराच वेळ लावून, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'डॅनी मामाला येत न्हाई असं कायतरी इचारा.'

सगळे हात वर झाले. इन्शा आधीच उभी होती. "मामा, तुमी शाळा का सोडली?"

"त्याचं उत्तर येतं मला," डॅनी म्हणाला. "दुसरं इचार."

आता माझे कोपरे झिजलेत, एक कप्पा सैल झालाय. चिठ्ठ्या रोज बदलतात. मॅडमच्या असतात, मुलांच्या असतात, कधी डॅनीचीही असते. माझी एकच विनंती आहे. मला जपून ठेवू नका. आणि उद्याची चिठ्ठी आजच लिहा.