गाठ मारलेली पिशवी

"अहो, मग इथेच हुंगा की!" बोटीची मालकीण शिडीवरून म्हणाली. तिने नाकाला रुमाल लावला होता. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

खाली संडासाच्या खोपटात नाकशेठ गुडघ्यांवर बसून पाइपांना गुंडाळलेली फडकी सोडत होता. शिडाच्या बोटीतला संडास म्हणजे जिवाला घोर. पंप मारून घाण टाकीत ढकलायची, बंदराला लागलं की टाकी उपसायची. इथे पंप बदलून झाला, टाकी धुऊन झाली, तरी वास हटेना. म्हणजे कुठल्या तरी पाइपात घाण मुरली होती. तो पाइप ओळखायची रीत जुनी. कढत पाण्यातून पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळायचं, गार झालं की हुंगायचं. ज्या फडक्याला वास, तो पाइप कामातून गेला.

"इथे सगळंच घाणतंय, मॅडम. घरी मोकळ्या हवेत नीट कळतं," तो म्हणाला. फडकी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्याने गाठी मारल्या. पहिल्या पाइपाच्या पिशवीला एक गाठ, दुसऱ्याच्या पिशवीला दोन, म्हणजे घोळ नको.

नाकशेठ हे नाव त्याला धक्क्यावरच्या लोकांनी दिलेलं. याचं नाक चुकायचं नाही म्हणे! आता खरं सांगायचं तर त्या नाकात काही राम उरला नव्हता. मागे एका तापात वास यायचा बंद झाला तो झालाच. दूध करपलं तरी पत्ता नसे. नाक होतं ते बायकोचं. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून ती एकेक पिशवी सोडायची. "हा मेला कुजलाय!" म्हणायची आणि वर ऐकवायची, "बघायला आलात तेव्हा मी नाक मुरडलं नाही ना, आता भोगतेय."

गेल्या महिन्यात ती गेली. तेव्हापासून हे पहिलंच काम. उद्या चुकीचा पाइप सांगितला तर धक्क्यावर नाक कापलं जाणार, आणि मग कोण बोलावतंय?

घरी कोनाड्यात आणखी एक पिशवी होती. ती गेली त्याच दिवशी त्याने तिची शाल पिशवीत घालून घट्ट गाठ मारून ठेवली होती. आत तिचा वास होता. त्याला तो येणार नव्हताच. पण तो आहे, एवढ्यावर तो रोज झोपत होता.

लेक राहायला आली होती. त्याने तिच्यापुढे पिशव्या ठेवल्या.

"जरा हुंगतेस?"

"मी? आणि तुमचं नाक?"

"ते कधीच गेलंय गं. तुझी आई हुंगायची."

लेक बघतच राहिली, मग खो खो हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "धन्य आहे तुमची! अख्खा धक्का तुम्हाला नाकशेठ म्हणतो!" तिने पिशव्या सोडल्या. दुसरीपाशी नाक मुरडलं, अगदी आईसारखं. "शी! हाच तो."

त्याला केवढं हलकं वाटलं. एवढं बोललोच आहोत, तर तेही विचारून टाकावं.

"आणखी एक हुंगशील?" तो कोनाड्याकडे वळला. कोनाडा रिकामा होता. "इथली पिशवी कुठंय?"

लेकीने मान खाली घातली. "बोलणार नव्हते मी. पण बाबा, आईची शाल त्या घाणीला वापरलीत? सकाळी कोनाड्यात फडक्यांसारखीच गाठ मारलेली पिशवी दिसली, सोडली तर आत ती! जीव तुटला माझा. न हुंगताच सोडा घालून दोनदा उकळली, तेव्हा समाधान झालं. बाहेर वाळतेय बघा. आता वासाचं नाव नाही."

तो मागच्या पायरीवर गेला. दोरीवर शाल वाऱ्याने हलत होती. त्याने ती नाकाला लावली. सकाळीही काही आलं नसतं, आताही आलं नाही.

"निघाला ना सगळा?" लेकीने दारातून विचारलं.

"हो," तो म्हणाला. "चांगली निघालीय."

त्याने शालीचे चिमटे काढले, तिची नीट घडी घातली आणि पायरीवर बसून ती मांडीवर ठेवली. शाल ठेवायला लेकीने पुढे केलेली रिकामी पिशवी त्याने घेतली नाही.