नातीला सांगितलेली गोष्ट

तनुजा माझ्या थोरल्याची पोरगी. नांदेडला विद्यापीठात पीएचडी करते. विषय काय, तर दहाजणींकडून काम करून घेणाऱ्या बाईचं मन. त्याला तिकडं नेतृत्व म्हणतात. मी तिसरी शिकलेली. पण लातूरच्या दालमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या तीस बायकांची बावीस वर्षं मुकादम. मालक बदलले, मुकादम बदलली नाही. पोरीला दुसरं दार ठोठावायची गरजच काय होती?

सात महिने माझ्याकडं राहिली. दिवसा बायकांत बसून डाळ निवडायची, संध्याकाळी चुलीपाशी बसून विचारायची, "आजी, नव्या बाईला वळण कसं लावतीस गं?" मोबाईल शेजारी चालू असायचा. असू दे म्हटलं, नात विचारतेय. भाकरी थापता थापता सांगून टाकलं. नवी बाई आली की पहिल्या आठवड्यात तिच्या निवडलेल्या डाळीत मीच मूठभर खडे मिसळते आणि सगळ्यांसमोर काढून दाखवते. बाई पुन्हा तोंड वर करत नाही, हात नीट चालवते.

"लई बेरकी हायस तू आजी," म्हणून हसली. मीही हसले. हे मी पोटच्या पोरालासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रबंध होत आला तेव्हा तिच्या गाईडनं सांगितलं म्हणे, ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचून दाखव, खरं-खोटं विचार. जेवणाच्या सुट्टीत फाईल घेऊन आली. माझ्या कानात म्हणाली, "तुझं नाव सुमनबाई केलंय. कुणाला कळायचं न्हाई."

नांदेडला कळलं नसतं. पण मिलमध्ये मुकादम एकच.

बायका डबे उघडून बसल्या. सुरुवातीला माझी तारीफच होती, मी पदर सावरून ऐकत बसले. मग खड्यांचं पान आलं.

माझ्या उजव्या हाताला उज्वला बसते. नऊ वर्षांपूर्वी ती नवी होती तेव्हा मी चारचौघींत म्हटलं होतं, "डोळे माहेरी ठेवून आलीस का गं?" त्याच आठवड्यात तिनं गंजगोलाईच्या बाजारातून जाड भिंगाचा तयार चष्मा आणला. डोकं दुखायचं तिचं, तरी उतरवला नाही. आता उतरवला.

"मावशी, माझ्या डाळीत खडे तुम्ही टाकले होते?"

"हाव."

"नऊ वर्षं आंधळी समजून राहिले की हो मी स्वतःला."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला कोण हरवतंय? पण बायका डबे झाकून कामाला लागल्या. दुपारी नवी पोती आली, तेव्हा बायकांनी उज्वलाला विचारलं, "कुठं बसायचं गं?"

तनुजा मागं मागं आली. "आजी, मी वाईट कुठं लिहिलंय? अभ्यास हाय तो. अन् तू परवानगीच्या कागदावर सही दिली होतीस."

"दिली होती. नात म्हणली इथं कर, तिथं केली. वाचायला कोण बसलंय? मी नातीला सांगितलं होतं गं, विद्यापीठाला न्हाई. अन् अभ्यासच हाय तर पुरता लिही की. सात महिने माझ्या हातचं खाल्लंस, ते कोणत्या पानावर हाय?"

रडली. रडू दिलं. संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेली.

दुसऱ्या दिवशी मालकाकडं गेले. म्हटलं, "आजपास्नं उज्वला मुकादम." बायकांनी मला उठवण्याआधी मीच उठले, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. डाळ निवडायला दाराशी बसले. उज्वलानं बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

महिन्यानं तनुजाचा फोन आला. "आजी, गुरुवारी माझी शेवटची परीक्षा हाय. सगळ्यांसमोर असते. तू पुढं बसायला पायजेस. ये ना."

"गुरुवारी काम हाय मला."

"एक दिवसाची सुट्टी घे की."

"सुट्टी उज्वलाला मागावी लागती," म्हटलं, "अन् ती मी मागणार न्हाई."