योलानाची उशी लाइटनरबाईंच्या खाटेवर

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. वय पन्नाशीच्या पुढे गेले. मी मऊ आहे, याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. तरीही आज सांगणार आहे ती गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही. मला हात नाहीत, पण एक चूक माझ्याकडूनही झाली आहे आणि ती मला अजून सलते.

स्लोव्हाकियातल्या ब्रेझोव्का नावाच्या डोंगरी खेड्यात मी जन्मले. तिथे तेव्हा अशी रीत होती की मुलगी लग्नाला आली की घरच्या हंसांची पिसे साठवायची आणि हिवाळ्यात शेजारपाजारच्या बायकांनी एका टेबलाभोवती बसून ती निवडायची. निवडायची म्हणजे प्रत्येक पिसाची कडक काडी काढून टाकायची आणि मऊ भाग तेवढा ठेवायचा. एका उशीला सात-आठ संध्याकाळी सहज लागत. दार धाडकन उघडायचे नाही, शिंकायचे नाही आणि हसायचे तर मुळीच नाही, कारण पिसे उडतात. पण दहा बायका एकत्र बसवायच्या आणि हसू नका म्हणायचे, हे कसे जमणार? शेजारच्या फिलोमेनाने आपल्या सासूची नक्कल केली आणि माझा निम्मा जीव छताला जाऊन लागला.

त्या वर्षीची नवरी होती योलाना. तिच्या रुखवतात आम्ही चार उशा होतो. एक तिच्या मुलाबरोबर शहरात गेली ती तिकडचीच झाली. एक उंदरांनी संपवली. एक तिच्या नवऱ्याच्या डोक्याखाली, शवपेटीत गेली. उरले मी.

योलानाच्या मुलीचे, इवेताचे, सगळे ताप माझ्यावर उतरले. दर वसंतात मला खिडकीत उन्हाला टाकत, धोपटत आणि पुन्हा खाटेवर ठेवत. कौतुक कुणी केले नाही. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, तसेच ते. मला त्याचे थोडे वाईट वाटे, हे कबूल करते. पुढे जे झाले त्याचे मूळ तिथेच आहे.

इवेता अठ्ठेचाळीस वर्षांची असताना तालुक्याचा शर्टांचा कारखाना बंद पडला. नवरा केव्हाच वेगळा झालेला. गावातल्या निम्म्या बायका शेजारच्या ऑस्ट्रियात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला जात. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. इवेतानेही तेच काम धरले. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि मायलेकींची माझ्यावरून ओढाताण चालली होती.

"आई, उशी कशाला? त्यांच्याकडे असतात उशा."

"असतील. टोचऱ्या! परक्या घरी अंग टेकायला जागा मिळते गं, डोकं टेकायला नाही मिळत. घे मुकाट्यानं."

"मग तू काय घेशील?"

"मी कोट गुंडाळून घेईन. मला काय, बसल्या जागी झोप लागते."

साफ खोटे. तिला पहाटेपर्यंत झोप लागत नसे, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? पण गाडीवाल्याने भोंगा वाजवला आणि योलानाने मला इवेताच्या पिशवीत कोंबले.

लिन्झजवळच्या एका गावात लाइटनरबाई राहत. वय एकोणनव्वद. जन्मभर पोस्टात मुख्य बाई होत्या, त्यामुळे घरातला प्रत्येक माणूस त्यांना उशिरा आलेल्या टपालासारखा वाटे. कॉफी गार, सूप खारट, पडदा वाकडा. झोप तर औषधालाही नव्हती; रात्रभर घंटी वाजवून इवेताला उठवत. इवेता आठवडाभरात निम्मी झाली. एक दिवस चादर बदलताना तिने मला क्षणभर बाईंच्या मानेखाली सरकवले आणि बाई घोरायलाच लागल्या. चांगल्या चार तास झोपल्या.

"ही कुठली उशी?" उठल्यावर त्यांनी विचारले.

"माझी. घरून आणली."

"अख्ख्या ऑस्ट्रियात अशी उशी नसेल! राहू दे ती इथेच."

इवेताने चादर नीट केली आणि मला तिथेच राहू दिले. नोकरी नवी, बाई आत्ता कुठे शांत झालेल्या. नाही म्हणण्याइतके जर्मन आपल्याला येत नव्हते, असे ती पुढे स्वतःला समजावत असे. पण 'नाही' हा शब्द तिला चांगला येत होता.

आणि मी? मला वाईट वाटायला हवे होते. उलट मी फुगले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणी माझे नाव घेतले होते. बाईंची मुलगी भेटायला आली, तिला त्यांनी मला दाबून दाखवले. शेजारीण आली, तिलाही दाखवले. मी त्यांच्या मानेखाली होईल तेवढी मऊ होऊन पडत असे. कोटाच्या गुंडाळीवर मान अवघडून पडलेल्या योलानाची आठवण मला महिना महिना आली नाही. मित्रांनो, हीच माझी चूक.

इवेता दोन आठवड्यांनी घरी जाई, तेव्हा मी इथेच राही. इथे असली की रोज सहा वाजता घरी फोन करी, बाईंच्या खाटेपाशी बसूनच.

"झोप लागते का गं तुला?" योलाना विचारी.

"लागते, आई."

"उशी घेतेस ना?"

"हो, डोक्याखालीच असते."

ते खरेच होते. डोके कुणाचे, एवढेच ती सांगत नसे. फोन ठेवला की ती माझ्याकडे न बघता खिडकीशी जाई.

असे दीड वर्ष गेले. मग फेब्रुवारीत एकदा भलत्याच वेळी, सकाळी दहाला फोन वाजला. फिलोमेना होती.

"इवेता, घाबरू नकोस. तुझी आई पडली. लाकडं आणायला गेली आणि अंगणात घसरली. खुबा मोडलाय."

"काकू, कधी? कुणी बघितलं?"

"कुणीच नाही गं, तेच तर! धुराड्यातून धूर दिसला नाही म्हणून मी गेले. बर्फात तास-दीड तास पडून होती बिचारी. मला म्हणते कशी, इवेताला सांगू नकोस, ती कामात असते."

बदली बाई चार दिवसांशिवाय येणार नव्हती आणि लाइटनरबाईंना एकटे सोडता येत नव्हते. इवेता ते चारही दिवस राहिली. तिकडे आईच्या खुब्याचे ऑपरेशन चालले होते आणि ती इथे दुसऱ्याच आईला चमच्याने सूप भरवत होती. सूप सांडले तर पुसत होती. एकदाही चिडली नाही. चिडली असती तर मला बरे वाटले असते.

चौथ्या दिवशी बदली बाई आली. इवेता कोट घालून खाटेपाशी आली आणि तिने माझा कोपरा धरला.

"हे काय?" लाइटनरबाई म्हणाल्या.

"बाई, ही माझी नाही. माझ्या आईची आहे. तिच्याकडे दुसरी नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून बघितले. "दीड वर्ष मी तुझ्या आईच्या उशीवर झोपले, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

मग त्यांनी आपले डोके आपणच उचलले. कित्येक महिन्यांत त्यांनी ते केले नव्हते.

दवाखान्यात योलाना इतकीशी दिसत होती. इवेताने मला तिच्या मानेखाली ठेवले. तिने मान वळवली, मला हुंगले आणि म्हणाली, "हा वास तुझा नाही."

इवेता रडू लागली. "आई, मी खोटं बोलले गं. पहिल्याच आठवड्यात तिनं घेतली. मला परत मागता आली नाही."

"तुला कधी कुणाकडून काही परत मागता आलंय? शाळेत असताना नवे बूट दिलेस त्या मैत्रिणीला, आणि हिवाळाभर माझे घालून हिंडलीस." योलानाने डोळे मिटले. मग तिने विचारले, "झोपायची का ती, हिच्यावर?"

"झोपायची."

"आता काय करत असेल?"

मला तेव्हा वाटले की योलानाने मला फाडून फेकून द्यावे. तिने तसे काही केले नाही. महिन्याने ती घरी आली, खाटेला खिळलेली. तिथूनच तिने फिलोमेनाला बोलावले आणि हुकूम सोडला, "खोळ उसवा. पिसं निम्मी निम्मी करा."

"आई, मी परत जात नाहीये," इवेता म्हणाली.

"मग खायचं काय, बर्फ? आणि माझी औषधं? दिवसा फिलोमेना आहे माझ्याजवळ. जा तू."

इवेताने खिडक्या लावल्या आणि मला दोन खोळींत भरले. शेवटचा टाका घालताना तिला सुईत दोरा ओवता येईना, तो फिलोमेनाने ओवून दिला.

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती लाइटनरबाईंकडची मी. इतकी पातळ झाले आहे की बाई मला दुमडून मानेखाली घेतात आणि तरीही मध्येच जाग्या होतात. पण आता त्या घंटी वाजवत नाहीत. सहा वाजले की इवेताला स्वतःच म्हणतात, "आईला फोन कर."

इवेता फोन करते. "झोप लागते का, आई?"

"लागते गं. छान लागते. मी अगदी ठीक आहे."

इवेता मान हलवते. मला मात्र तो आवाज ओळखीचा आहे, 'कोट गुंडाळून घेईन' म्हणतानाचा. पण खरे काय ते तिकडच्या उशीलाच ठाऊक. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, म्हणजे हात असते तर जोडले असते. तुमचे माणूस दूर असेल आणि फोनवर 'मी ठीक आहे' म्हणत असेल, तर लगेच विश्वास ठेवू नका. एकदा घरी जा. ते चहा करायला उठले की त्याच्या उशीवर हात ठेवून बघा, ओली आहे का.